न वळणारी मूठ

“वस्तादाची मूठ आता वळत नाही गं,” पाणवठ्यावर एक म्हातारी सांबरीण दुसरीला सांगत होती. “बोटं पार आखडलीत त्याची. परवा सकाळी माझ्या पाठीवर बसला, आणि काय सांगू तुला—”

पुढचं काही ऐकू आलं नाही. वरच्या मोहाच्या झाडावर बसून जी वानरी हे ऐकत होती, ती नीट ऐकू यावं म्हणून आणखी हातभर पुढे सरकली आणि तिच्या वजनाने वाळकी डहाळी कडाडली. डहाळी मोडल्याचा आवाज म्हणजे सांबरांच्या लेखी वाघाचं पाऊल. दोघी पाणी तसंच टाकून उधळल्या आणि गवतात दिसेनाशा झाल्या. वानरी मोडकी डहाळी हातात घेऊन बसून राहिली. वाक्याचा पहिला तुकडा तिच्याकडे आला होता, उरलेला सांबरिणीच्या पोटात राहिला होता.

बाळांनो, अर्धी भाकरी मिळाली तर आपण अर्धपोटी राहतो. पण अर्धी बातमी मिळाली तर उरलेली अर्धी घरच्या घरी थापता येते. या वानरीने तेच केलं. झाडावरून उतरेपर्यंत तिच्या मनात वाक्य पुरं झालं होतं : पाठीवर बसला, आणि धाडकन पडला.

ती वाईट मनाची नव्हती हो. कुणाचं पिल्लू आजारी पडलं तर औषधाचा पाला घेऊन आधी हीच धावायची. पण कुणाच्या फांदीवर कोण आलं, कोण कुणाशी बोलेनासं झालं, कुणी ढोलीत काय लपवलं, हे कळल्याशिवाय तिला घास गोड लागत नसे. आणि कळलेलं दुसऱ्याला सांगितल्याशिवाय तो पचत नसे.

ती राहायची त्या जंगलाच्या मधोमध एक नदी होती. माघ सरला की अलीकडच्या काठावरचे ऐन, साग, मोह सगळे उघडेबोडके व्हायचे. पलीकडच्या काठावर मात्र जांभळीची आणि करंजाची राई, बारा महिने हिरवीगार. वानरांना पाण्याचं भय. म्हणून फार पूर्वीपासून वानरांचं आणि सांबरांचं एक ठरलेलं होतं. वर्षभर वानरांनी झाडावरून कोवळा पाला खाली टाकायचा, वाघ दिसला की ओरडून सावध करायचं. त्याच्या बदल्यात फाल्गुनातल्या एका सकाळी सांबरांनी सगळ्या टोळीला पाठीवर घेऊन नदी पार करून द्यायची. वैशाखात पात्र आटलं, अलीकडे नवी पालवी फुटली, की टोळी वाळूतून चालत परत यायची. त्या सकाळीला सगळे ‘पल्याडचा दिवस’ म्हणत. अंगावर पिणारी पिल्लं आईच्या पोटाला बिलगून जायची. पण ज्याला वर्ष पुरं झालं त्याने स्वतःच्या सांबरावर एकट्याने बसायचं, असा नेम होता. यंदा वानरीच्या लेकीची पाळी होती. एकुलती एक लेक. पल्याडच्या दिवसाचं नाव काढलं तरी वानरी तिला जवळ ओढायची.

सांबरावर बसायला शिकवायचं काम वस्तादाकडे. वस्ताद म्हणजे पिकल्या केसांचा म्हातारा वानर. वानरीच्याच झाडावर, तिच्या फांदीच्या खालच्या फांदीवर राहायचा. टोळीचा म्होरक्या, वानरीचा नवरा, खुद्द वानरी, सगळे त्याच्याच हाताखालून गेलेले. त्याची शिकवण मोठी कंटाळवाणी. पहिला महिना सांबरावर बसायचंच नाही. सकाळी उठून सांबरांच्या अंगावरच्या गोचिड्या वेचायच्या आणि कुठे हात लागला की कातडी थरथरते ते बघायचं. मग काठावरच्या वाळूत एक ओंडका पडलेला होता, त्याच्यावर बसायचं आणि पडायचं. दिवसातून वीस वेळा पडायचं. “ज्याला पडता येतं त्याला बसता येतं,” असं तो म्हणायचा.

सगळ्यात अवघड धडा शेवटचा. वानराचं पिल्लू जन्माला आलं की त्याच्या कानावर पहिला शब्द पडतो ‘धर’. आईचं पोट धर, फांदी धर, शेपूट धर. वस्ताद नेमकं उलटं शिकवायचा. “पाण्यात भीती वाटली की तुझी मूठ आपोआप वळणार. तू मान आवळलीस की सांबर भ्यायलंच. तेव्हा पोट पाठीला टेकव, मांड्या आवळ, आणि मूठ सोड.” वानराच्या जातीला हे काही केल्या जमत नाही, म्हणून तर महिना लागायचा.

त्यात यंदा डोंगरापलीकडच्या जंगलातून एक तरणा वानर टोळीत आला होता. अंगाने चपळ, बोलायला गोड. त्याने सांबराच्या गळ्यात वेलाचा फास अडकवायची नवी रीत आणली. सरकती गाठ. उजवीकडे ओढलं की सांबर उजवीकडे, डावीकडे ओढलं की डावीकडे. चार दिवसांत पोरं माळावर सांबरं दौडवायला लागायची, उड्या मारून चढायची, उभ्याने बसायची. बघणाऱ्याचे डोळे दिपत. सगळे त्याला मास्तर म्हणू लागले. आयांमध्ये चर्चा सुरू झाली. एक म्हणे, आताची पोरं वेगळी, त्यांना लगेच हातात काहीतरी लागतं. दुसरी म्हणे, आताची सांबरंही वेगळी, गोचिड्या वेचून घेण्याइतका वेळ कुणाला आहे. तरीही बहुतेक पोरं अजून वस्तादाकडेच जात होती. सवय मोडायला काहीतरी निमित्त लागतं, आणि ते अजून कुणाला सापडलं नव्हतं.

ते वानरीने पुरवलं.

तिने काही चावडीवर उभं राहून दवंडी पिटली नाही. आपल्याच मोहाच्या फांदीवर बसून जाऊबाईच्या पाठीतल्या उवा काढता काढता ती हळूच म्हणाली, “तुला म्हणून सांगते हो, कुणाला बोलू नकोस. वस्ताद परवा पडले म्हणे. मूठच वळत नाही आता.” जाऊबाईने ते ऐनावर नेलं. ऐनावरून ते बाभळीवर गेलं तेव्हा वस्ताद दोनदा पडला होता. बाभळीवरून परत मोहावर आलं तेव्हा त्याची कंबर मोडली होती आणि तो हे सगळं लपवत होता. वानरीला स्वतःचीच बातमी ओळखू येईना. उलट तिला वाटलं, आपण म्हणत होतो ते काही खोटं नव्हतं, आता सगळेच म्हणताहेत.

पोरं एकेक करून कमी झाली. कुणाचं पोट दुखायला लागलं, कुणाला पाहुण्यांकडे जायचं होतं. खरं कारण कुणी वस्तादाच्या तोंडावर सांगितलं नाही. वानरीनेही सांगितलं नाही. ती त्याच्यासाठी मोहाची टपोरी फुलं घेऊन खालच्या फांदीवर गेली, दोन गोष्टी इकडच्या तिकडच्या केल्या आणि जाता जाता सहज विचारल्यासारखं विचारलं, हातांचं कसं काय आहे आता. वस्तादाने हात मांडीखाली सरकवले आणि म्हणाला, चाललंय. तिला जे हवं होतं ते मिळालं. दुसऱ्या दिवशी तिने लेकीला मास्तराकडे घातलं.

लेक कुरकुरली. वीस दिवस ती ओंडक्यावरून पडत होती आणि तिला त्यात गंमत वाटायला लागली होती. ती म्हणाली, “पण आई, माझं पडायचं पुरं शिकून झालं नाही अजून.” वानरीला हसू फुटलं. हे वाक्य तिने चार झाडांवर सांगितलं, सगळ्या आया पोट धरून हसल्या. पडायचं शिकायचंय म्हणे.

त्यानंतर रोज सकाळी वानरीला वरून एक दृश्य दिसायचं. वस्ताद वाळूत उतरायचा, ओंडक्यावरचा पाचोळा झाडायचा आणि शेजारच्या दगडावर बसून राहायचा. कुणी येत नसे. ऊन चढलं की उठून वर यायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाचोळा झाडायचा. वानरी तोंड फिरवून दुसरीकडे बघायला लागली. ज्या बाईला सगळ्यांच्या घरात डोकवायची हौस, तिला आपल्याच झाडाखाली बघवेना. पण चुकलं असं म्हणायला जीभ वळत नव्हती. माळावर लेक सांबर दौडवताना दिसली की ती मनाला समजवायची, बघ, चार दिवसांत किती शिकली.

पल्याडच्या दिवसाच्या आदल्या दिवशी म्होरक्याने सगळ्यांना बोलावलं. सांबरं मोजकी होती, टोळी वाढली होती. दरवर्षी शेवटचं सांबर वस्तादाचं असायचं. तो सगळ्यांच्या मागून जायचा. म्हणायचा, शिकवणाऱ्याने मागे राहावं, पुढे नुसतं पाणी दिसतं, मागून पोरं दिसतात. यंदा म्होरक्या अडखळत म्हणाला की वस्तादांची तब्येत बरी नसते असं कानावर आलंय, वाटेत काही झालं तर कुणी सांभाळायचं, तेव्हा या वर्षी त्यांनी अलीकडेच राहावं. त्यांचं सांबर मास्तराला द्यावं, म्हणजे तो पुढे राहून वाट दाखवील.

अलीकडे राहायचं म्हणजे काय, हे सगळ्यांना कळत होतं. झाडावर पान उरलं नव्हतं. मोहाची फुलं आणखी आठ-दहा दिवस पुरली असती. सगळ्यांनी वस्तादाकडे पाहिलं. त्याने नुसती मान डोलावली. मग सगळ्यांनी जमिनीकडे पाहिलं.

वानरीच्या घशाशी शब्द आले होते. ‘मी काही त्यांना पडताना पाहिलं नाही. मी तर पुरतं ऐकलंही नाही.’ एवढंच बोलायचं होतं. पण मग सगळे विचारतील, मग सांगितलंस कशाला? तिने शब्द गिळले. अर्ध्या बातमीवर उड्या मारणारी तिची जीभ त्या दिवशी टाळ्याला चिकटून बसली.

सकाळ झाली. सांबरं काठावर ओळीने उभी राहिली. मास्तर सगळ्यांत पुढे, त्याच्यामागे पोरं, प्रत्येकाच्या हातात वेलाचं टोक. पोरांच्या मागे आया. वानरीने मुद्दाम लेकीच्या मागचंच सांबर घेतलं. निघताना तिने एकदा मागे पाहिलं. वस्ताद त्याच्या दगडावर बसला होता. पाचोळा झाडलेला ओंडका शेजारी होता. पाणवठ्यावरची ती म्हातारी सांबरीणही जवळच उभी होती. वयामुळे तिलाही यंदा ओझ्यातून सूट दिली होती.

उथळ पाण्यातून सगळं झकास चाललं. मधल्या डोहाला सांबरांचे पाय सुटले आणि ती पोहायला लागली. पाठी पाण्याखाली गेल्या, नुसत्या माना वर. पुढची चार पोरं कशीबशी पार झाली. लेकीचं सांबर डोहाच्या मध्यावर आलं आणि गार पाणी तिच्या कमरेला लागलं. आईच्या पोटाशी नसताना पहिल्यांदाच लागलं. तिने वेल ओढला.

माळावर वेल ओढला की सांबर वळायचं. पाण्यात ते वळणार कुठे? फास आवळला. श्वास कोंडला तसं सांबराने मान झटकली. मान झटकली तशी लेकीने दोन्ही हातांनी ओढलं. सांबर गर्रकन फिरलं आणि धारेला लागून खाली जाऊ लागलं. त्याचे डोळे पांढरे झाले, नाकपुड्या पाण्यात बुडून वर आल्या, पुन्हा बुडाल्या.

वानरी मागून बेंबीच्या देठापासून ओरडत होती, “धर, बाळा, घट्ट धर.” तिच्या आईने तिला हेच शिकवलं होतं, तिच्या आईला तिच्या आईने. पलीकडच्या काठावरून मास्तरही तेच ओरडत होता. लेक धरत होती. जितकी धरत होती तितकं सांबर बुडत होतं.

तेवढ्यात वानरीच्या बाजूने एक मान पाणी कापत आली. म्हातारी सांबरीण. तिच्या पाठीवर वस्ताद पोटावर पालथा, पाण्यावर पान पडावं तसा. दोन्ही हात मोकळे. तो ओरडला नाही. वानरीच्या अगदी जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, “पोरी, मी सांगून ती ऐकायची नाही. तिच्या कानात तुझा आवाज आहे. तू सांग तिला, सोड म्हणून.”

वानरीने त्याच्याकडे पाहिलं. पाण्यात पोर बुडत असताना आईने तिला हात सोडायला सांगायचं? आणि कुणाच्या सांगण्यावरून, तर ज्याचे हातच चालत नाहीत असं तिनेच गावभर केलं, त्याच्या? पण त्याच वेळी तिला आपली पाळी आठवली. हाच डोह, हेच गार पाणी, आणि मागून येणारा हाच शांत आवाज, “मूठ सोड, पोरी.” तिने सोडली होती, म्हणून ती आज इथे होती.

“सोड,” ती ओरडली. आवाज चिरकला. “बाळा, वेल सोड. सोड दोन्ही हात.”

लेकीने मागे वळून आईकडे पाहिलं. आई असं कधी बोलली नव्हती. तिने हात उघडले.

सरकती गाठ सैल झाली, वेल पाण्यावर तरंगत निघून गेला. सांबराने एक मोठा श्वास घेतला, मान वर काढली. लेक घसरली. पण घसरताना ती वेडीवाकडी पडली नाही. वीस दिवस ओंडक्यावरून पडत होती तशी, अंग सैल सोडून, मागे सरकत, सांबराच्या पाठीवर पोट टेकवून पडली. मांड्या आवळल्या. हनुवटी त्याच्या खांद्यावर ठेवली. सांबर एकदा थरथरलं, मग त्याला आपली दिशा सापडली आणि ते पलीकडच्या काठाकडे पोहू लागलं. वस्ताद मागे राहून सगळ्यांकडे बघत सर्वांत शेवटी पार झाला.

काठावर लेक ओलीचिंब उभी होती आणि हसत होती. आईला बघून म्हणाली, “बघ, मला पडता येतं.” या वेळी कुणी हसलं नाही. ज्या आया पोट धरून हसल्या होत्या त्या आपापल्या पिल्लांची अंगं पुसण्यात गुंतल्या. वानरीने लेकीला उराशी धरलं, पण मान काही वर होईना.

मास्तर वस्तादापुढे येऊन उभा राहिला. चेहरा उतरलेला. एवढंच म्हणाला की आमच्या जंगलात नदी नव्हती, पाण्याचं मला माहीत नव्हतं. वस्ताद म्हणाला, “वेल वाईट नाही रे. माळावर ठीक आहे. आणि तुझे हात चांगले आहेत, मला पोरांना वर उचलायला कुणीतरी लागतंच. परत गेलो की सकाळी येत जा वाळूत.” म्होरक्याने घसा खाकरला आणि कुणाच्याच डोळ्याला डोळा न भिडवता जाहीर केलं की शेवटचं सांबर पहिल्यासारखंच वस्तादांचं.

सगळे करंजाच्या कोवळ्या पाल्यावर तुटून पडले. वानरीला घास उतरेना. दुपारी ती एकटीच काठावर गेली. म्हातारी सांबरीण गवतात रवंथ करत बसली होती. वानरीने थोडा पाला तिच्यापुढे टाकला, अंतरावर बसली आणि खाली बघत विचारलं, त्या दिवशी पाणवठ्यावर तुम्ही दोघी बोलत होतात, ते वस्तादांचं पुढे काय होतं?

“अगं बाई, ती डहाळी तू होतीस होय? आम्हाला वाटलं वाघ. मैलभर पळवलंस की आम्हाला,” सांबरीण म्हणाली. मग शांतपणे रवंथ करत तिने पंधरा दिवसांपूर्वीचं वाक्य पुरं केलं. “मी म्हणत होते, मूठ वळत नाही त्याची, पण परवा माझ्या पाठीवर बसला आणि काय सांगू तुला, बसलाय की उतरलाय हेच मला कळेना. इतका हलका. तरुणपणी तो थोडं तरी धरायचा, आता तेही नाही. इतक्या वर्षांत असा बसणारा मी पाहिला नाही.”

वानरीने पलीकडच्या उघड्या मोहाकडे पाहिलं. तिने जर हातभर पुढे सरकायचं टाळलं असतं, तर सांबरिणीने वाक्य तिथेच पुरं केलं असतं. तिच्याच हावरटपणाने ते मोडलं होतं, आणि तिनेच ते चुकीचं सांधलं होतं.

संध्याकाळी ती नव्या राईतल्या झाडांवर फिरली. ज्या क्रमाने बातमी गेली होती त्याच क्रमाने. जाऊबाईला म्हणाली, वस्ताद पडलेच नव्हते, मी पुरतं ऐकलं नव्हतं. जाऊबाई म्हणाली, बरं झालं हो सांगितलंस, आणि उवा काढायला बसली. हे वाक्य ती पुढे कुणाकडे घेऊन गेली नाही. दुसऱ्या फांदीवर एकीने सांगितलं, असेल बाई, पण कंबर तर मोडली होतीच ना. पहिली बातमी पायांशिवाय पळाली होती, ही मात्र वानरीला स्वतःच्या पायांनी फांदीफांदीवर पोचवावी लागली, आणि तरी ती सगळीकडे पोचली नाही.

शेवटी ती वस्तादाकडे गेली. तो जांभळीच्या बुंध्याला टेकून बसला होता. ती समोर बसली. वस्तादच म्हणाला, “तुझी फांदी माझ्या डोक्यावरच होती, पोरी. तू हळू बोलतेस असं फक्त तुलाच वाटतं.”

म्हणजे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मोहाची फुलं घेऊन ती हात बघायला आली, तेव्हाही ठाऊक होतं. त्याने तिची फुलं खाल्ली होती, तिला बरं वाटावं म्हणून. वानरीला वाटलं, याने चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “मग तुम्ही काल बोलला का नाहीत? सगळ्यांसमोर?”

“काय बोलणार? सगळंच खोटं असतं तर बोललो असतो.” त्याने मांडीखालून उजवा हात काढला आणि तिच्यापुढे धरला. बोटं वाळक्या डहाळीसारखी ताठ. त्याने मूठ वळायचा प्रयत्न केला. बोटं मध्यावर आली आणि तिथेच थांबली.

“हे बघ. मूठ वळत नाही, हे तू खरं सांगितलंस. पडलो मात्र नव्हतो.”

वानरीने तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, मग हलकेच सोडला आणि मान खाली घालून वस्तादाच्या खांद्यावरच्या गोचिड्या एकेक करून वेचायला बसली. त्या हाताबद्दल तिने कुणाला काहीही सांगितलं नाही.

तात्पर्य : जाणत्याचे हात थकतात, हातोटी थकत नाही, म्हणून नव्या स्वारानेही आधी त्याच्यापाशी बसावं, आणि ज्याने त्याच्याबद्दल अर्धंच ऐकलं असेल, त्याने उरलेलं अर्धं ऐकेपर्यंत तोंड मिटून धरावं.